मॅच सुरू होण्याआधी निकाल सांगणारा पत्रकार, ज्याचं गणित चुकलं आणि त्याला बेसबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या घोटाळ्याचा वास लागला

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेत बेसबॉलचे प्लेऑफ सुरू होतात आणि बघता बघता अख्खा देश ज्योतिषी होतो. कोण फायनलला जाणार, किती मॅचमध्ये जिंकणार, कुठला पिचर मार खाणार, सगळं लोकांना आधीच ठाऊक असतं. आयपीएलच्या क्वालिफायरच्या आदल्या रात्री आपल्याकडे पानटपरीवर जे चालतं, तेच तिकडे ऑफिसात आणि बारमध्ये चालतं. आता हाताशी डेटा आहे, कॉम्प्युटर आहेत, टक्केवारी काढून देणारी मॉडेल्स आहेत.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. तेव्हा एक पत्रकार होता. तो पेन्सिल आणि कागद घेऊन बसायचा, दोन्ही संघांचा एकेक खेळाडू तोलायचा आणि बेसबॉलची सगळ्यात मोठी सिरीज कोण जिंकणार हे छापून सांगायचा. लोक त्याचा कॉलम वाचून आपापसात पैजा लावायचे.

त्याचं नाव ह्यू फुलर्टन.

एकदा त्याने जगाला वेड्यात काढणारा अंदाज केला आणि तो खरा ठरला. त्यानंतर तेरा वर्षांनी त्याचा अंदाज सपशेल चुकला. आणि अमेरिकेच्या इतिहासात तो लक्षात राहिला तो या चुकलेल्या अंदाजामुळे. नेमकं काय घडलं होतं?

ओहायोतला पोरगा शिकागोत आला

फुलर्टनचा जन्म १० सप्टेंबर १८७३ चा. गाव हिल्सबोरो, राज्य ओहायो. कॉलेजात गेला पण तिथे फार काळ रमला नाही. वर्तमानपत्राचं वेड लहान वयातच लागलं होतं. सिनसिनाटीत काम केलं आणि १८९० च्या दशकात तो शिकागोला आला.

त्या काळात शिकागो म्हणजे वाढतं, गजबजलेलं, धुराचं शहर. रेडिओ नाही, टीव्ही नाही. मॅचला जाता आलं नाही तर खेळ कळायचा तो वर्तमानपत्रातून. मोठी मॅच असली की वर्तमानपत्रांच्या ऑफिसबाहेर मोठाले फलक लागायचे. मैदानावरून तारेने बातमी यायची आणि फलकावर स्कोअर बदलत जायचा. खाली रस्त्यावर हजारो लोक मान वर करून उभे असायचे.

या लोकांना नुसता स्कोअर नको होता. त्यांना आतली गोष्ट हवी होती, आणि फुलर्टनने नेमकी ती द्यायला सुरुवात केली. तो खेळाडूंशी बोलायचा, त्यांच्याबरोबर रेल्वेने फिरायचा, डगआउटमधले किस्से लिहायचा. त्या वेळच्या बेसबॉलच्या बातम्या बऱ्याचदा कोरड्या असायच्या, पण याने खेळाडूंना माणूस म्हणून वाचकांसमोर उभं केलं. पुढे अमेरिकेचा मोठा विनोदी लेखक म्हणून गाजलेला रिंग लार्डनर १९०७ साली शिकागोत नोकरीला लागला, तोही फुलर्टननेच शब्द टाकल्यामुळे.

गडी हट्टीही तेवढाच. १९०८ मधला एक किस्सा अमेरिकेतले बेसबॉल पत्रकार अजून सांगतात. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर मोठी मॅच होती. फुलर्टन आपल्या जागेवर पोहोचला तर तिथे लुई मान नावाचा प्रसिद्ध नट बसलेला. नट उठायला तयार होईना. मग फुलर्टन काय करतो, तर सरळ त्या नटाच्या मांडीवर बसतो आणि तिथूनच मॅच कव्हर करतो. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये डेट्रॉइटला पत्रकारांना शिडीने छपरावर चढवून पावसात बसवलं गेलं. असले प्रकार सोसून वैतागलेल्या पत्रकारांनी मग आपली संघटना काढली. बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका तिचं नाव. संस्थापकांमध्ये फुलर्टनही होता.

पण तो निकाल सांगायचा तरी कसा?

त्याआधी वर्ल्ड सिरीज म्हणजे काय ते थोडक्यात बघू. आज बेसबॉलचे प्लेऑफ १२ संघांचे असतात. फुलर्टनच्या काळात मधल्या फेऱ्याच नव्हत्या. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन लीग. दोन्हीकडे सहा महिने दीडशेच्या आसपास मॅचेस. जो संघ आपल्या लीगमध्ये पहिला येईल तो थेट वर्ल्ड सिरीजला. सातपैकी चार मॅच जिंकल्या की चॅम्पियन. त्यामुळे अख्ख्या देशाची उत्सुकता या एकाच सिरीजवर एकवटायची.

घोड्यांच्या शर्यतीत आतली खबर असते तिला अमेरिकेत डोप म्हणायचे. तोच शब्द बेसबॉलमध्ये आला. अंदाज सांगणारा तो डोपस्टर. गल्लोगल्ली डोपस्टर होते. पण बहुतेकांचा अंदाज म्हणजे आवडत्या संघावरची भक्ती.

फुलर्टनने ही भक्ती बाजूला ठेवली. तो दोन्ही संघांचे खेळाडू जागेवार समोरासमोर उभे करायचा. यांचा कॅचर विरुद्ध त्यांचा कॅचर, यांचा शॉर्टस्टॉप विरुद्ध त्यांचा शॉर्टस्टॉप. प्रत्येकाची बॅटिंग, पळण्याचा वेग, फिल्डिंग याला आकडे द्यायचा. समोरचा पिचर कोण असणार याचा हिशोब त्यात धरायचा. मग बेरीज करायची, आणि जिकडे पारडं जड तिकडे अंदाज.

आज हे साधं वाटतं. पण त्या काळात खेळाकडे असं आकड्यांनी बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९१० मध्ये त्याने कब्ज संघाच्या जॉनी एव्हर्सबरोबर टचिंग सेकंड नावाचं पुस्तक लिहिलं. बेसबॉलमागे किती विचार आणि डावपेच असतात हे त्यात उलगडून सांगितलं होतं. पुढे १९२१ मध्ये बेब रूथ एवढे होम रन कसे मारतो याच्या चाचण्या कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाल्या. डोळे, कान, हात किती वेगाने काम करतात हे मोजलं गेलं. पॉप्युलर सायन्स मासिकात त्यावर लेख आला, तो फुलर्टनचाच.

थोडक्यात, आज ज्याला आपण स्पोर्ट्स अॅनालिटिक्स म्हणतो, त्याचा नाद या माणसाला तेव्हापासून होता.

१९०६: सगळे हसले असते असा अंदाज

१९०६ मध्ये एक भन्नाट योग जुळून आला. वर्ल्ड सिरीजला पोहोचलेले दोन्ही संघ शिकागोचेच. एक कब्ज, दुसरा व्हाइट सॉक्स. अख्खं शहर दोन भागांत वाटलं गेलं.

पण बरोबरीची लढत आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. कब्जनी त्या हंगामात ११६ मॅच जिंकल्या होत्या आणि फक्त ३६ हरल्या होत्या. मेजर लीगमध्ये हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. २००१ मध्ये सिअॅटल मरिनर्सने ११६ ची बरोबरी केली, पण १६२ मॅच खेळून.

आणि समोर कोण? तर व्हाइट सॉक्स, ज्यांना लोक चेष्टेने हिटलेस वंडर्स म्हणायचे. संघाचं बॅटिंग अॅव्हरेज .२३०. म्हणजे बॅटिंगच्या शंभर संधींमध्ये जेमतेम २३ हिट. अमेरिकन लीगच्या आठ संघांत सगळ्यात कमी. पूर्ण हंगामात अख्ख्या संघाचे मिळून दहा होम रनसुद्धा नाहीत. एड वॉल्श, डॉक व्हाइट, निक अल्ट्रॉक अशा पिचर्सच्या जोरावर आणि ऑगस्टमध्ये सलग १९ मॅच जिंकून ते इथवर आले होते.

फुलर्टनने आकडेमोड केली आणि सांगितलं की व्हाइट सॉक्स जिंकणार.

तो तेव्हा शिकागो ट्रिब्यूनमध्ये होता. त्याचा अंदाज बघून वरिष्ठांनाच घाम फुटला. हे छापलं तर वाचक पेपरची टिंगल करतील, अशी भीती. त्यामुळे लेख बाजूला ठेवला गेला.

९ ऑक्टोबरला सिरीज सुरू झाली. कडाक्याची थंडी, मधूनच हिमाचे कण पडतायत. पहिली मॅच व्हाइट सॉक्सने २-१ ने मारली. दुसरी कब्जनी ७-१ ने. तिसरीत एड वॉल्शने बारा जणांना स्ट्राइकआउट करून कब्जना एकही रन काढू दिला नाही. चौथी पुन्हा कब्जची. २-२ अशी बरोबरी झाली आणि मग अख्ख्या हंगामात ज्यांची बॅट चालली नव्हती त्या व्हाइट सॉक्सने पाचव्या आणि सहाव्या मॅचमध्ये प्रत्येकी आठ रन कुटले. सिरीज ४-२ ने खिशात.

ट्रिब्यूनने मग फुलर्टनचा लेख छापला. सिरीज संपल्यावर!

यात नशिबाचा वाटा नव्हता का? होता ना. व्हाइट सॉक्सकडून हिरो ठरला जॉर्ज रोही नावाचा राखीव खेळाडू. संघातला एक मुख्य खेळाडू आजारी पडला म्हणून त्याला जागा मिळाली होती. पहिल्या आणि तिसऱ्या मॅचमध्ये त्याच्याच फटक्यांनी फरक पडला. दीडशे मॅचमध्ये जो संघ भारी ठरतो, तो सहा मॅचमध्ये भारी ठरेलच असं नाही. प्लेऑफची सगळी मजा यातच आहे. मरिनर्सचंही २००१ मध्ये तेच झालं. ११६ मॅच जिंकलेला हा संघ प्लेऑफमध्ये यांकीजकडून हरला आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचलाच नाही.

पण लोकांना नशिबाशी काय देणंघेणं. फुलर्टनने सांगितलं आणि झालं, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. त्याचं नाव देशभर झालं. दर ऑक्टोबरला वेगवेगळ्या शहरांतले पेपर त्याचा वर्ल्ड सिरीजचा अंदाज छापू लागले.

अंदाजामागे पैसा होता

आता या गोष्टीची दुसरी बाजू. एवढे लोक अंदाजासाठी धडपडत होते, ते काही निव्वळ हौस म्हणून नाही. बेसबॉलवर प्रचंड सट्टा चालायचा. मैदानाच्या ठरावीक भागात सटोडिये उघडपणे बसायचे.

१९१७ मधलं एक उदाहरण बघा. १६ जून, बोस्टनचं फेनवे पार्क, समोर व्हाइट सॉक्स. बोस्टन मागे पडलेलं आणि पाऊस सुरू झालेला. पाच डाव पूर्ण व्हायच्या आत मॅच रद्द झाली तर ती धरली जात नाही आणि पैजेचे पैसे वाचतात. मग काय, जुगाऱ्यांच्या चिथावणीवर शेकडो लोक मैदानात घुसले आणि खेळ थांबवला.

प्रश्न फक्त प्रेक्षकांपुरता नव्हता. १९१८ मध्ये सिनसिनाटी रेड्सचा मॅनेजर होता क्रिस्टी मॅथ्यूसन. बेसबॉलमधल्या सर्वकालीन महान पिचर्सपैकी एक आणि स्वच्छ चारित्र्याचा म्हणून देशभर मान असलेला माणूस. त्याने आपल्याच संघातल्या हॅल चेस या खेळाडूला निलंबित केलं, मॅच मुद्दाम हरवतोय या संशयावरून. लीगसमोर सुनावणी झाली. पुरावा पुरेसा नाही म्हणून चेस सुटला.

खेळाडूंना यातून एकच गोष्ट कळली. पकडले गेलो तरी फार काही होत नाही.

१९१९: गणित चुकलं

१९१९ ची वर्ल्ड सिरीज. एकीकडे शिकागो व्हाइट सॉक्स, दुसरीकडे सिनसिनाटी रेड्स. त्या वर्षी सिरीज सातऐवजी नऊ मॅचची केली होती, म्हणजे पाच जिंकणं गरजेचं.

रेड्सने हंगामात ९६ मॅच जिंकल्या होत्या, व्हाइट सॉक्सने ८८. तरी जाणकार म्हणवणाऱ्यांचा कौल व्हाइट सॉक्सकडे होता. कारण त्यांच्याकडे शूलेस जो जॅक्सनसारखा बॅटर होता आणि २९ मॅच जिंकून आलेला पिचर एडी सिकॉट होता. फुलर्टनचं पारडंही व्हाइट सॉक्सकडेच झुकलं होतं.

पण सिनसिनाटीत पोहोचल्यावर त्याला काहीतरी गडबड वाटायला लागली. हॉटेलांच्या लॉबीत जुगारी घोळके करून उभे होते. आणि एकदम शेवटच्या क्षणी रेड्सवर पैशांचा पाऊस पडत होता. भाव झपाट्याने बदलत होते. कोणी दुखापतग्रस्त झालेलं नाही, संघात बदल नाही, मग एवढा पैसा एका बाजूला का येतोय?

फुलर्टनने आपला कॉलम छापणाऱ्या पेपरांना कळवलं की वाईट कंड्या पिकल्या आहेत, या सिरीजवर कोणी पैज लावू नये. अंदाज सांगण्यावर ज्याचं नाव उभं होतं, तोच लोकांना अंदाजावर पैसे लावू नका म्हणत होता.

प्रेस बॉक्समध्ये त्याच्या शेजारी होता मॅथ्यूसन. हॅल चेसला पकडणारा तोच मॅथ्यूसन आता एका पेपरसाठी सिरीजवर लिहीत होता. दोघांनी ठरवलं की जो खेळ संशयास्पद वाटेल त्यावर स्कोअरकार्डमध्ये खूण करायची. मॅथ्यूसनला पिचर काय करू शकतो आणि मुद्दाम काय करत नाही, हे बरोबर कळायचं.

१ ऑक्टोबरला पहिली मॅच. एडी सिकॉटने रेड्सच्या पहिल्याच बॅटरच्या अंगावर बॉल मारला. पुढे उघड झालं की फिक्सिंग पक्की असल्याचा जुगाऱ्यांना तो इशारा होता. चौथ्या डावात सिकॉटने इतका मार खाल्ला की व्हाइट सॉक्स ९-१ ने हरले. दुसऱ्या मॅचमध्ये लेफ्टी विल्यम्स. अचूक बॉल टाकण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या पिचरने एकाच डावात तिघांना फुकटात बेसवर जाऊ दिलं. चौथ्या मॅचमध्ये सिकॉटने एका डावात फिल्डिंगच्या दोन चुका केल्या. त्यातली एक तर अशी, की आउटफिल्डमधून थेट येणारा थ्रो त्याने मध्येच हात घालून वाकडा केला. रेड्सला दोन रन मिळाले आणि मॅच २-० ने गेली.

यातल्या एकेका चुकीकडे बघितलं तर कोणाकडूनही होऊ शकते अशीच. सगळ्यात चांगल्या पिचरचाही एखादा दिवस वाईट जातो. पण फुलर्टनकडे या खेळाडूंच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. कोण काय करू शकतो आणि कोण सहसा कधीच काय करत नाही, हे त्याला माहीत होतं. त्यामुळे इतक्या चुका, त्याही त्याच मोजक्या माणसांकडून आणि नेमक्या मोक्याच्या क्षणी, हे त्याला पटेना.

त्याच संघातला डिकी कर नावाचा नवखा पिचर मात्र दोन मॅच जिंकून देत होता. तो या कटात नव्हता. लेफ्टी विल्यम्सने एकट्याने तीन मॅच हरल्या. ९ ऑक्टोबरला शेवटच्या मॅचमध्ये तो पहिल्याच डावात एकाला बाद करून बाहेर गेला. रेड्स सिरीज ५-३ ने जिंकले.

चुकलेला अंदाज आणि एकटा पडलेला पत्रकार

अशा वेळी अंदाज सांगणारा काय करतो? चुकलो म्हणतो, नाहीतर नशिबावर ढकलतो, आणि पुढच्या वर्षीच्या तयारीला लागतो. वाचकही विसरून जातात.

फुलर्टनने तसं केलं नाही. लगेच त्याने शिकागोच्या पेपरमध्ये लिहिलं की व्हाइट सॉक्सचे सात खेळाडू पुढच्या हंगामात संघात दिसणार नाहीत. ही वर्ल्ड सिरीज शेवटची ठरावी, असंही सुचवलं. मग १५ डिसेंबर १९१९ ला न्यूयॉर्कच्या इव्हनिंग वर्ल्डमध्ये त्याचा मोठा लेख आला. मेजर लीग बेसबॉल जुगाऱ्यांसाठी चालवलं जातंय का आणि खेळाडू त्यात सामील आहेत का, असा थेट प्रश्न त्यात होता. त्याचा मुख्य रोख संघमालकांवर होता. तुम्हाला सगळं ऐकू येतंय, तरी गप्प का? फेडरल न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांच्याकडून चौकशी करून घ्या, अशी मागणी त्याने केली.

प्रतिक्रिया काय आली?

बेसबॉलला वाहिलेली नियतकालिकं त्याच्यावरच तुटून पडली. खेळाची बदनामी करतो, सनसनाटीसाठी काहीही लिहितो, असे टोमणे. संघमालकांना आपला धंदा बुडण्याची भीती होती. व्हाइट सॉक्सचा मालक चार्ल्स कॉमिस्कीने पुरावा आणणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं, पण खेळाडूंना पुढच्या हंगामात खेळवलंही. ज्या चाहत्यांनी दरवर्षी फुलर्टनचा शब्द प्रमाण मानला, त्यांनाही हे ऐकायचं नव्हतं. कारण सिरीज खोटी मानली तर त्यांचा जल्लोष, त्यांचं रडणं, त्यांनी हरलेले पैसे, सगळंच खोटं ठरत होतं.

जवळजवळ वर्षभर असंच चाललं.

मग सप्टेंबर १९२० मध्ये शिकागोत ग्रँड ज्युरी बसली. सुरुवात कब्जच्या एका वेगळ्याच मॅचवरच्या संशयातून झाली होती, पण चौकशी सरकत सरकत १९१९ च्या वर्ल्ड सिरीजपर्यंत आली. २७ सप्टेंबरला फिलाडेल्फियाच्या पेपरमध्ये बिली महार्ग या कटात सामील असलेल्या माणसाची हकिकत छापून आली. दुसऱ्याच दिवशी एडी सिकॉटने ग्रँड ज्युरीसमोर कबुली दिली. १० हजार डॉलर घेतले होते. त्याच दिवशी जो जॅक्सननेही ५ हजार डॉलर घेतल्याचं सांगितलं.

व्हाइट सॉक्स त्या वेळी पुन्हा लीग जिंकण्याच्या शर्यतीत होते. कॉमिस्कीला आपले खेळाडू निलंबित करावे लागले. शेवटी संघ क्लीव्हलँडच्या दोन मॅच मागे राहिला.

या सगळ्यामागे न्यूयॉर्कचा बडा जुगारी अरनॉल्ड रॉथस्टीन होता असं मानलं जातं. त्याच्यावर कधीच आरोपपत्र आलं नाही. १९२८ मध्ये त्याला गोळी घालून मारण्यात आलं.

खटल्याचीही वेगळीच तऱ्हा. कबुलीजबाबाची कागदपत्रं गायब झाली. २ ऑगस्ट १९२१ ला ज्युरीने खेळाडूंना निर्दोष सोडलं. पण बेसबॉलच्या मालकांनी आता एक सर्वाधिकारी कमिशनर नेमला होता. कोण? तर तेच न्यायमूर्ती लँडिस, ज्यांचं नाव फुलर्टनने सुचवलं होतं. कोर्टाच्या निकालानंतर दुसऱ्याच दिवशी लँडिसनी आठही खेळाडूंना तहहयात बंदी घातली. त्यातला बक वीव्हर तर पैसे न घेता चांगला खेळला होता. कट माहीत असूनही सांगितला नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

मग खरा निकाल काय असता?

या गोष्टीतला सगळ्यात बोचणारा प्रश्न हाच. रेड्सचा स्टार खेळाडू एड राउश आयुष्यभर सांगत राहिला की सगळे प्रामाणिक खेळले असते तरी आम्हीच जिंकलो असतो. तसं बघायला गेलं तर रेड्सने हंगामात आठ मॅच जास्तच जिंकल्या होत्या. म्हणजे फुलर्टनचा अंदाज मुळातच चुकीचा होता, की फिक्सिंगमुळे चुकला? याचं उत्तर कुठलाच डेटा देऊ शकत नाही. शिकागोच्या चाहत्यांची फायनल गेली आणि सिनसिनाटीच्या चाहत्यांच्या विजेतेपदाला कायमचा डाग लागला.

फुलर्टन काही देवमाणूस नव्हता. किस्सा रंगवून सांगायची त्याला सवय होती. त्याच्या जुन्या आठवणी तपासताना आजचे संशोधक सावध असतात. त्याची पद्धतही परिपूर्ण नव्हती. पण त्याला एक गोष्ट नीट कळली होती. अंदाजाचं कुठलंही गणित एका गृहीतकावर उभं असतं, की दोन्ही संघ जिंकण्यासाठी खेळतायत. तेच खोटं असेल तर बाकीच्या आकड्यांना काडीची किंमत नाही. म्हणून आपला अंदाज कसा वाचवायचा यापेक्षा ते गृहीतक का तुटलं याच्या मागे तो लागला.

नंतर तो ओहायोला परतला आणि तिथल्या कोलंबस डिस्पॅचसाठी लिहीत राहिला. त्याचा मुलगाही क्रीडा पत्रकार झाला. २७ डिसेंबर १९४५ ला फ्लोरिडामध्ये फुलर्टनचं निधन झालं. १९६४ मध्ये बेसबॉल लेखनातला सर्वोच्च पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला. तो पुरस्कार देते ती संघटना तीच, जिच्या स्थापनेत त्याचा हात होता. १९८८ च्या एट मेन आउट या सिनेमात त्याची भूमिका शिकागोचे प्रसिद्ध लेखक आणि रेडिओवाले स्टड्स टर्कल यांनी केली.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर राज्यांना खेळांवरचा सट्टा कायदेशीर करायची मुभा मिळाली. आज प्लेऑफ बघताना चाहत्याच्या हातातल्या मोबाइलवरच भाव दिसतात. मे २०२५ मध्ये बेसबॉलने मरण पावलेल्या खेळाडूंवरची कायमची बंदी उठवली, त्यात जो जॅक्सनसह १९१९ चे सगळे आठ जण आले. १०० हून जास्त वर्षांनी ती फाइल बंद झाली.

मात्र फुलर्टनला हॉटेलच्या लॉबीत पडलेला प्रश्न आजही तसाच आहे. मैदानात काहीच बदललेलं नाही आणि तरी अचानक सगळा पैसा एका बाजूला का वळला? १९१९ मध्ये तो प्रश्न हजारोंच्या मनात आला असेल. वर्ल्ड सिरीज संपल्यावरही तो छापून विचारत राहिला तो हिल्सबोरोचा ह्यू फुलर्टन.